पहिल्या दिवशी खरेदी नाही

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका वाचनालयात जमणाऱ्या नाणेसंग्राहकांपैकी एकाने विचारलंय: "दोन वर्षांपूर्वी आम्ही 18 जण होतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतो. आता सहा-सात उरलो. नवीन माणूस येतो, एकदा बसतो, परत दिसत नाही. एक जण म्हणतो संस्था नोंदवू, दुसरा म्हणतो लिलाव सुरू करून कमिशन घेऊ, तिसऱ्याला मोठं प्रदर्शन हवंय. आधी काय करावं?"

मी बँकेत कॅश काउंटरवर 27 वर्षं काढली. बार्देशातल्या अशाच एका मंडळात मी पहिल्यापासून आहे. नऊ वर्षं खजिनदार होते, नंतर सचिव. त्यामुळे तुमची सहा-सात माणसं मला दिसतात: दोन टेबलं जोडून घेतलेली, एकाच्या हातात भिंग, दुसऱ्याच्या हातात मोबाईल, आणि कोपऱ्यात दोघांचा हळू आवाजात भाव चाललेला.

नोंदणी, लिलाव आणि प्रदर्शन या तीन सूचना एकाच रोगावरची तीन औषधं वाटतात, पण रोग कोणता ते आधी बघू. तुमच्या प्रश्नातलं खरं वाक्य मधलं आहे: "नवीन माणूस येतो, एकदा बसतो, परत दिसत नाही." जुने सभासद कमी होतात त्याला शंभर कारणं असतात. कोणाची बदली होते, कोणाचे गुडघे दुखतात. नवा माणूस मात्र स्वतःच्या पायाने आलेला असतो. तो परत येत नाही, कारण त्या दोन तासांत त्याच्या हाती काही लागत नाही. किंवा त्याच्या हातातलं कोणीतरी घेतलेलं असतं.

हे दुसरं आमच्याकडे घडलं, म्हणून सांगते. डिचोली तालुक्यातली एक मुलगी आली होती, विशीतली. आजी वारल्यावर तिच्या फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला, तो तसाच घेऊन आली. व्हिक्टोरियाचे दोन-तीन रुपये, तांब्याचे तांगे (पोर्तुगीज काळातली गोव्याची लहान नाणी), आणि 1912 सालची पोर्तुगीज रुपी, म्हणजे गोव्याचा तेव्हाचा रुपया. त्या रुपीवरचा, प्रजासत्ताकाचं प्रतीक म्हणून काढलेल्या स्त्रीचा चेहरा इतका स्वच्छ की केसांची बट न् बट दिसत होती. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी ती उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "बाये, चांदीचा भाव धरून देतो." तिने दिली. आम्ही आठ-नऊ जण तिथेच बसलो होतो. मीही होते. कोणी बोललं नाही, कारण ते ज्येष्ठ होते आणि मंडळाला जागा त्यांच्या ओळखीने मिळाली होती. पुढच्या महिन्यात तीच रुपी त्यांच्या अल्बममध्ये चिठ्ठीसकट लागली होती आणि चिठ्ठीवरचा आकडा चांदीच्या भावाच्या कितीतरी पट होता. ती मुलगी त्या दिवशीही आली होती. तिने तो अल्बम पाहिला. रात्री मला तिचा निरोप आला: "किंमत कळली असती तरी मी कदाचित विकलंच असतं. पण तुम्ही सगळे बघत होतात." ती पुन्हा आली नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

त्यानंतर आम्ही एक नियम केला आणि तो आजही भिंतीवर लावलेला आहे: जे नाणं मंडळात पहिल्यांदा येतं, ते त्या दिवशी विकत घ्यायचं नाही. कोणीही नाही. ते ओळखायचं, वजन करायचं, मालकाच्या वहीत लिहून द्यायचं: काय आहे, कुठलं, कधीचं, कोणत्या अवस्थेत, बाजारात साधारण काय चालतं. मग मालकाने ते घरी न्यायचं. पुढच्या महिन्यात विकावंसं वाटलं तर तो विकेल, नाही तर ठेवील. हा नियम आला तेव्हा दोन सभासद सोडून गेले. वर्षभरात अकरा नवे आले. तुमच्या मंडळात असं काही घडलं असेलच असं मी म्हणत नाही, पण जे एकदा येऊन गेले त्यांतल्या दोघांना फोन करून विचारा. उत्तर ऐकायला अवघड जाईल, तरी विचारा.

म्हणजे व्यापाऱ्यांना बाहेर काढायचं का? अजिबात नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी नाणी मांडून बसणाऱ्याच्या हाताखालून जेवढी नाणी जातात तेवढी तुम्ही-आम्ही जन्मात बघत नाही. खोटं नाणं बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर, हे मला अशाच एका विक्रेत्याने शिकवलं. अट एवढीच, की ओळखण्याच्या टेबलावर बसताना त्याने खिशातलं पाकीट खिशातच ठेवावं. देवघेवीचं टेबल वेगळं आणि शेवटच्या अर्ध्या तासात. आधी बघणं, मग घेणं. एवढा क्रम पाळला की मंडळाचं निम्मं काम झालं.

आता त्या "बघण्या"त काय भरायचं, कारण नव्या माणसाला धरून ठेवतं ते हेच. आम्ही दर बैठकीला एकच नाणं घेतो आणि त्यावर वीस मिनिटं बोलतो. बोलणारा दर वेळी वेगळा. पहिल्यांदा लोक लाजतात, म्हणतात "मला काय येतंय". पण गोव्यातल्या माणसाच्या घरातच एवढा माल असतो की विषय शोधायला जावं लागत नाही.

एक उदाहरण पूर्ण देते, म्हणजे पद्धत कळेल. 1881 सालची, पोर्तुगालचा राजा डॉम लुईश याची चांदीची रुपी घ्या. गोव्यात बऱ्याच घरांतून ती निघते. तिच्या शेजारी त्याच सुमाराचा व्हिक्टोरियाचा रुपया ठेवा. दोन्ही दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर घाला. दोन्ही 11.66 ग्रॅमच्या आसपास येतात, झीज झाली असेल तर थोडं कमी. आणि दोन्हींत चांदी बारा भागांत अकरा. राज्यं दोन, राजे दोन आणि वजन मात्र एक, हे कसं? इथे टेबलाभोवती शांतता होते आणि मग कोणीतरी म्हणतंच, "व्यवहार एकमेकांत चालत असणार." बरोबर. 1878 साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात गोव्याच्या व्यापाराबद्दल करार झाला. त्यानंतर आलेली गोव्याची नाणी ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाशी जुळवून घेतलेली होती. 16 तांग्यांची रुपी, तिकडे 16 आण्यांचा रुपया. 60 रेइशचा एक तांगा, म्हणजे 960 रेइशची रुपी. तांब्याचा पाव तांगा 15 रेइशचा आणि अष्टमांश तांगा साडेसात रेइशचा. साडेसात! हे अर्धं रेइश कोणाच्या हिशोबात बसत असेल, असा प्रश्न आमच्याकडे एका आठवीतल्या मुलाने विचारला, आणि मग आणा-पै, तांगा-रेइश यांची कोष्टकं फळ्यावर मांडण्यात अख्खी संध्याकाळ गेली. त्या मुलाचे वडील त्याला घ्यायला आले होते, तेही बसून राहिले. आता ते सभासद आहेत.

याच वजनाच्या खेळाने खोटं नाणंही पकडता येतं. काटा, व्यास मोजायला व्हर्नियर आणि एक बरा चुंबक एवढं मंडळाच्या मालकीचं असू द्या, बाकी काही नसलं तरी चालेल. चांदीची म्हणून आणलेली रुपी साडेनऊ ग्रॅम भरली, की वाद मिटतो. 1818 साल घातलेली, एका बाजूला रामदरबार किंवा मारुती आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली तांब्यापितळेची "नाणी" तर दर महिन्याला कोणीतरी आणतंच. कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. ते भाविकांसाठी आणि हौशींसाठी पाडलेले शिक्के आहेत. पण हे सांगताना माणसाला हसू नका. त्याच्या घरात ते देवघरात पूजलेलं असतं. "हे चलनातलं नाणं नाही, देवघरातच ठेवा," एवढं आदराने सांगितलं की तो पुढच्या वेळी दुसरं काही घेऊन येतो.

विषय आटत नाहीत, हे पटावं म्हणून आणखी दोन-तीन सांगते. बझारुक घ्या, म्हणजे पोर्तुगीजांनी गोव्यात कथील किंवा जस्तासारख्या हलक्या धातूंतही पाडलेली कमी किमतीची नाणी. पोर्तुगीज कागदपत्रांत या कथलाला "कालाईं" म्हटलंय, आणि आपण भांड्यांना कल्हई करतो, ती हीच. 1958 साली रुपी जाऊन एश्कुद हे पोर्तुगीज चलन आलं, एका रुपीला सहा एश्कुद. ज्यांनी तो बदल बाजारात अनुभवला ती माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना बोलवा, गाडी पाठवून बोलवा. नाणं आपल्याला कपाटात मिळेल, पण त्या नाण्यात काय यायचं, दुकानदार सुटे कसे द्यायचा, घरातली बाई हिशोब कसा करायची, हे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. आम्ही हे उशिरा सुरू केलं. तीन जणांचं बोलणं टेप केलं, चौथ्या आजोबांकडे जायचं ठरलं आणि जाण्याआधीच ते गेले. मला त्याची हळहळ अजून आहे.

आणि कदंबांचा सिंह. रोज कदंब बसने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, येणाऱ्या मुलांना विचारा, बसवरचा सिंह कुठला? गोव्यावर एके काळी राज्य करणाऱ्या कदंब घराण्याचं ते राजचिन्ह, त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरही सिंहच. त्यांतल्या काहींवर नागरीत "श्री सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद" असं कोरलेलं आहे. कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर. ज्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला, तोच हा देव. हे नाणं तुमच्याकडे नसणार, आमच्याकडेही नाही. चांगला मोठा फोटो छापून आणा आणि पुढच्या रविवारी सगळे मिळून नार्व्याला जा. नाण्यावरचं अक्षर वाचून मग त्या देवळाच्या पायरीवर बसलं, की इतिहास शिकवावा लागत नाही.

सोन्याच्या नाण्यांचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही इथेच सांगते. मंडळ चालवणाऱ्यांनी हे पाठच करायला हवं. कोणी म्हणालं की नांगरताना, पाया खणताना, विहिरीत मडकं सापडलं, तर ते नाणं टेबलावर घ्यायचंच नाही. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांची मर्यादा आजही तीच आहे, म्हणजे व्यवहारात काहीही सापडलं तरी कळवायचंच. आमच्याकडे एकदा पेडण्याकडचा एक गवंडी रुमालात बांधून तांब्याची नाणी घेऊन आला होता. आम्ही त्याला चहा दिला, अर्ज लिहून दिला आणि आमचे दोघे जण त्याच्यासोबत मामलेदार कचेरीत गेले. एकट्याने जायची त्याला भीती वाटत होती, आणि ते साहजिक होतं.

दुसरा कायदा 1972 चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. आता तुमच्या लिलावाच्या सूचनेकडे या नजरेने बघा. 1881 ची रुपी, 1903 चे तांगे, 1912 ची रुपी हे सगळं शंभरीच्या पलीकडे गेलं. 1934 चे तांगे आणि 1935 ची रुपी अजून अलीकडे आहेत. मंडळाने लिलाव मांडला, कमिशन घेतलं, दर महिन्याला तेच केलं, की आपण हौशी राहिलो की धंदा करतो, हा प्रश्न कोणीही विचारू शकतं. म्हणून आमच्या मंडळाचा निर्णय साधा आहे: मंडळ कमिशन घेत नाही. वर्षातून एकदा सभासदांनी मंडळाला भेट दिलेल्या नाण्यांचा लिलाव होतो, तीही सगळी स्वातंत्र्यानंतरची. पैसे काटा, पुस्तकं आणि भाडं यांत जातात. जुन्या नाण्यांची देवघेव सभासद आपापसात करतात, आपापल्या जबाबदारीवर. तुमच्यात परवानाधारक विक्रेता असेल तर गोष्ट वेगळी, मग त्याच्या नावाने, त्याच्या पावतीवर व्यवहार होऊ द्या. मात्र मंडळाच्या वहीत त्याचा एक रुपयाही येऊ देऊ नका.

नोटांबद्दल एक गोष्ट बँकेतल्या सवयीने सांगते, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. 2016 मध्ये रद्द झालेल्या 500 आणि 1000 च्या नोटा आठवण म्हणून लोक ठेवून आहेत. 2017 च्या कायद्याने साध्या माणसाला अशा एकूण दहाच नोटा ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी 25. त्यापुढे दंड: दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल ते. कोणी बंडल घेऊन "याला किती मिळतील" म्हणून आला, तर त्याला हे सांगणं हेसुद्धा मंडळाचं काम आहे.

तसंच मोबाईलवरच्या अफवांचं. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं, 786 ची नोट कोणीतरी सोन्याच्या भावाने घेतो, "नोंदणी शुल्क" भरा की पैसे खात्यात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं की ती जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारात पडत नाही आणि कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. ती सूचना छापून वाचनालयाच्या फळ्यावर लावा. आमच्या ग्रुपवर नियम आहे: भाव विचारायचा असेल तर नाण्याच्या दोन्ही बाजू, वजन आणि व्यास टाकायचा. लाखाची बातमी टाकायची असेल तर टाकू नये.

आता नोंदणी. इथे खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी दुरून ठाम सांगणार नाही. तुम्हाला जागा फुकट मिळत असेल, वर्गणी चहापुरती असेल, कोणाकडून देणगी घेत नसाल, तर एक साधी वही आणि दोन प्रामाणिक माणसं पुरतात. देणगी घ्यायची, बँकेत मंडळाच्या नावाने खातं उघडायचं, शाळेशी किंवा पंचायतीशी पत्रव्यवहार करायचा, असं असेल तर नोंदणी करा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. तुम्ही सहा-सात आहात म्हणता, म्हणजे आत्ता सगळेच कार्यकारिणीत जाल आणि सभासद कोणीच उरणार नाही! म्हणून माझं मत असं, की आधी एक वर्ष न चुकता बारा बैठका घ्या. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा, कोण आलं, कोणतं नाणं पाहिलं, किती पैसे आले आणि गेले. वर्षअखेर ती वही वाचताना तुम्हालाच कळेल की नोंदणी पेलेल की नाही. एकदा नोंदणी झाली की वार्षिक सभा घ्यावी लागते, ती झाल्यावर 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते, हिशोब तपासून घ्यावा लागतो. हे काम कोण करणार त्याचं नाव आधी ठरवा. "सगळे मिळून करू" म्हणजे एक बाई किंवा एक निवृत्त माणूस एकटाच करणार, हे मी अनुभवाने सांगते.

पैशांबाबत मी कडक आहे. चहाचे चाळीस रुपये असले तरी पावती. खात्यावर दोन सह्या, आणि त्या दोघांपैकी एक जण दर महिन्याला सगळ्यांसमोर शिल्लक वाचून दाखवतो. दोन मिनिटं लागतात. मंडळं मोडतात ती मोठ्या अपहारांनी क्वचितच. "त्या दिवशीच्या भेळेचे पैसे कोणी दिले" या संशयाने मोडलेली मी दोन पाहिली आहेत.

प्रदर्शनाला माझा पाठिंबा आहे, फक्त "मोठं" हा शब्द गाळा. आमचं पहिलं प्रदर्शन चारशे नाण्यांचं होतं. लोक आले, काचेवर नाक लावून पुढे सरकले, बाहेर पडले. दुसरं आम्ही 42 नाण्यांचं केलं, सगळी सभासदांच्या घरातली, आणि प्रत्येकाखाली चार ओळी: हे कोणाकडून आलं, कुठे ठेवलेलं होतं. लोक अर्धा-अर्धा तास थांबले. दोघी तर घरी जाऊन आपल्या सासूबाईंची गाठोडी घेऊन आल्या. नाणं देणाऱ्या प्रत्येकाला वजन आणि दोन्ही बाजूंच्या फोटोसकट पोच द्या. टेबलाशी कायम दोघे असू द्या, एकाला पाणी प्यायला जावं लागलं तर तिसरा येईपर्यंत थांबू द्या. मालकाचं आडनाव आणि गाव चिठ्ठीवर घालू नका, "एका सभासदाच्या घरातून" पुरे. सोनं असेल तर फोटो लावा आणि नाणं बँकेच्या लॉकरमध्ये राहू द्या. महिना निवडताना चवथीच्या आगेमागे नको, कोणी येणार नाही. आणि पावसाळ्यात तर मुळीच नको.

पावसाळा म्हटलं की गोव्याच्या संग्राहकाची खरी परीक्षा, म्हणून हा भाग मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा तांब्याला खातो. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत नाणं ठेवलं की दोन पावसाळ्यांत त्यावर हिरवट चिकट थर येतो. तो त्या प्लास्टिकमधूनच पाझरतो आणि धातूला लागतो. पुठ्ठ्याची, आत पारदर्शक पातळ पडदा असलेली चौकोनी होल्डरं वापरा, पण टाचण्या मारायची नकोत, आपल्याकडे त्या एका वर्षात गंजतात आणि गंज नाण्यावर उतरतो. चिकटणारी मिळतात, ती घ्या. डब्यात सिलिका जेल, आणि ते रंग बदलल्यावर तव्यावर मंद गरम करून परत वापरा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. हिरवट चिकटपणा आलाच तर औषधाच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. घासायचं नाही, नुसतं बुडवायचं.

आणि कृपा करून साफ करू नका. आपल्या घरांत तांब्याची भांडी आमसुलांनी लखलखीत करायची रीत आहे, तेच हात नाण्यांकडेही वळतात. एका मुलाने आमच्याकडे आणण्याआधी रात्रभर बसून आजोबांचे सगळे तांगे आमसुलांनी घासले होते, चांगले दिसावेत म्हणून. गुलाबी झालेली ती नाणी त्याने किती उत्साहाने मांडली! तांब्यावरचा तो काळसर थर बनायला ऐंशी-शंभर वर्षं लागतात आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो, हे त्याला सांगताना मला वाईट वाटत होतं. पण त्याला ते बाजूला बोलावून सांगितलं, सगळ्यांसमोर नाही. तो अजून येतो.

मुलांवरून आणखी एक. मुलांना जुनी नाणी हातात द्यायला लोक घाबरतात, तर देऊ नका. चालू नाण्यांनी सुरुवात करा. सालाच्या खाली बघायला सांगा: पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मुलं घरी जाऊन आईची पर्स रिकामी करतात. मग 30 जून 2011 पासून चलनातून गेलेली 25 पैसे आणि त्याखालची नाणी, कमळाचं पिवळं 20 पैशांचं, गेंड्याचं 25 पैशांचं. दोन-तीनशे रुपयांत एका मुलाचा अल्बम उभा राहतो, आणि तो वजन करायला, साल वाचायला, चिठ्ठी लिहायला शिकतो. पुढे तो 1881 ची रुपी हातात घेईल तेव्हा कडेने धरील.

तुमच्या प्रश्नाकडे परत येते. तीनपैकी आधी काय, तर आत्ता तिन्ही नाही. येत्या दुसऱ्या रविवारी टेबलं वेगळी करा आणि "पहिल्या दिवशी खरेदी नाही" हे मोठ्याने ठरवा, इतिवृत्तात लिहा. त्यानंतर सहा महिने दर बैठकीला एक नाणं, एक बोलणारा. सहा महिन्यांनी लहान प्रदर्शन, वाचनालयातच. वर्षाने नोंदणीचा विचार. लिलाव सर्वांत शेवटी, आणि तोही भेट मिळालेल्या नाण्यांचाच.

पहिल्या बैठकीला विषय सुचत नसेल तर मी 1881 ची रुपी आणि व्हिक्टोरियाचा रुपया घेऊन फोंड्याला येईन. काटा माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त आधी येऊन गेलेल्या त्या माणसांना फोन करा.